आबांच्या दुखवट्याचं पिठलं

वडूजच्या स्टँडवर एका म्हाताऱ्या माणसानं माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "कवा गेलं रं आबा?" आणि मी मान हलवली.

नुसती हलवली. तोंडानं काही बोललो असतो तर पुढचं बरंच टळलं असतं. आबा म्हणजे माझे वडील, आणि त्या वेळी ते आमच्या गावात घरच्या ओट्यावर बसून शेजाऱ्याच्या कोंबड्यांना शिव्या देत असणार. विचारणारा त्यांचा तालमीतला जोडीदार, पलीकडच्या गावचा. त्याची काही चूक नव्हती. त्याच्यासमोर मी उभा होतो तो डोक्याचा चकचकीत गोटा करून, मिशीसुद्धा काढून. आमच्याकडं माणूस असा दिसला की लोक एकच समजतात, बाप गेला. बायको तेवढ्यात केळी घ्यायला गेली होती, नाहीतर तिनं तिथंच निस्तरलं असतं.

खरं कारण वेगळं होतं. माझ्या मानेत गाठ आली होती, ती कॅन्सरची निघाली आणि सांगलीला केमो सुरू झाला. दुसऱ्या डोसानंतर उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले. मी पाण्याच्या जळालेल्या मोटारींची कॉइल नव्यानं भरून देणारा माणूस. जळालेली कॉइल मी थोडी थोडी काढत बसत नाही, सगळी एकदम तोडतो. त्याच डोक्यानं, त्या दिवशी रक्त तपासून झाल्यावर, हॉस्पिटलच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये शिरलो. कारागिरानं अगदी हळू आवाजात विचारलं, "शेंडी ठेवायची ना?" मला वाटलं, आली असेल नवी फॅशन. नको म्हटलं. "मिशी?" तीही काढ म्हटलं. हा माणूस एवढा हळुवार का वागतोय, हे कळायला मला वडूजचा स्टँड यावा लागला.

आणि कळूनही मान हलवली. आबांना मी आजाराचं सांगितलंच नव्हतं. मोटारीचं सामान आणायला जातो म्हणून मी आणि बायको सांगलीची गाडी धरायचो. त्या म्हाताऱ्यासमोर माझ्याकडं दोनच उत्तरं होती, आबा गेले किंवा मला कॅन्सर झालाय. त्यातलं मला आबा गेलेले सोपे वाटले. कॅन्सर हा शब्द तोवर माझ्या तोंडातून एकदाही बाहेर पडला नव्हता. बायकोशी बोलतानाही मी "ते" म्हणायचो.

घरी गेलो तेव्हा आबांनी डोक्याकडं बघितलं. "चाई पडली होती, केसांचं चट्टं जात होतं," मी म्हणालो. "डॉक्टरनं काढाय सांगितलं."

"मिशीला बी चाई?" आबा म्हणाले. मी हात धुवायला आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीदार आपल्या दोन मुलांना घेऊन दारात हजर. पडलेले चेहरे, हातात फडक्यानं झाकलेली पाटी. पाटीत पिठलं-भाकरी. ज्या घरात माणूस जातो तिथं चूल पेटत नाही, म्हणून भावकीतली, ओळखीची माणसं अशी घेऊन येतात. आणि ओट्यावर आबा चहा पीत बसलेले.

जोडीदारानं पाटी हळूच थोरल्या पोराकडं सरकवली. मग आबांनी विचारलं, "कोण गेलं?"

"तू," जोडीदार म्हणाला.

पुढं जो गोंधळ झाला त्यातून माझी सुटका केली ती बायकोनं. "आवं, ह्यास्नी कानानं कमी ऐकू येतंय अलीकडं," असं सांगून तिनं मला एका फटक्यात बहिरा करून टाकलं. सगळे हसले. आबा म्हणाले, "आता आणलंच हाय तर वाढा," आणि आपल्याच दुखवट्याचं पिठलं खायला बसले. "मीठ कमी हाय. माझ्या नावानं केलंस, आन मीठ बी घालवंना व्हय रं तुला?" मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. बायको तेवढी हसली नाही.

त्या दिवसापासून आबा मात्र गप्प झाले. शेजाऱ्याची कधीची आणून ठेवलेली पहार त्यांनी परत नेऊन दिली. काही काम नसताना आत्याला बोलावून घेतलं. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या पोराला देऊन टाकलं. मी म्हटलं, वय झालं. माझं सगळं लक्ष माझ्या मानेवर. दिवसातून किती वेळा चाचपायचो याला हिशेब नव्हता. लहान वाटली की पोटभर जेवायचो, मोठी वाटली की ताट सरकवायचो. आणि दोन्ही एकाच जेवणात व्हायचं.

पुढच्या डोसाला सांगलीला गेलो. त्या हॉलमध्ये ओळीनं आरामखुर्च्या असतात, प्रत्येकाच्या डोक्याशी एक सलाईन. आधीच्या दोन्ही वेळा मी कुणाशी बोललो नव्हतो. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचो. ह्या लोकांना कॅन्सर आहे, मला फक्त गाठ आहे, असा माझा आपला हिशेब. पण त्या दिवशी लाल औषधाची सिरिंज घेऊन सिस्टर आली आणि मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं ते उलटं. ते औषध शिरेतून जाताना मला बघवायचं नाही.

शेजारच्या खुर्चीत कडेगावकडचे एक रिटायर सुभेदार होते, लोकरीची टोपी घातलेले. पलीकडं आटपाडीच्या मावशी, डोक्यावरून घट्ट पदर. मावशींनी माझ्या बायकोला सहज विचारलं, घरी कोण कोण असतं. बायकोच्या पोटात एवढे दिवस साठलेलं होतं. तिनं स्टँडपासून पिठल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं, बहिरेपणासकट.

सुभेदारांनी टोपी काढली. खाली चकचकीत गोटा. मग ओळीतल्या सगळ्या खुर्च्यांकडं हात केला. "बघा पाव्हणं. एकजात सगळ्यांचं वडील गेल्यात. दहाव्याला बसल्यागत बसलोय आपण."

मावशी हसल्या. कोपऱ्यातला एक माणूस इतका हसला की सिस्टरनं त्याचं सलाईन धरलं. मीही हसलो, आणि हसता हसता लाल औषध कधी संपलं ते मला कळलं नाही.

हसणं ओसरल्यावर सुभेदार माझ्याकडं वाकून हळू आवाजात म्हणाले, "बॉर्डरवर एवढं भ्या वाटलं न्हाई. मी पैल्यांदा रोज बाथरूममधी नळ सोडून रडायचो. सून म्हणायची, टाकी कशी काय रिकामी होती? तिनं पायपा बदलून घेतल्या. तरी टाकी रिकामीच. शेवटी प्लंबरसमोर कबूल करावं लागलं."

"मग? थांबलं रडणं?"

"न्हाई. पण आता पाणी सोडत न्हाई."

निघताना मावशींनी आणि सुभेदारांनी माझा नंबर मागून घेतला, आपले मला दिले. मावशी म्हणाल्या, "डोसानंतर तिसऱ्या दिशी लय वंगाळ वाटतंय. त्या दिशी फोन करायचा. आजाराचं बोलायचं न्हाई, काय गिळलं तेवढंच सांगायचं."

तिसऱ्या दिवशी खरंच काही गिळलं नव्हतं. तोंड आलेलं, हाडांत कळ, आणि दुकानात मागच्या बाजूला तांब्याच्या तारांच्या रिळांमध्ये मी भिंतीला टेकून बसलेलो. सुभेदारांचा फोन आला. मी म्हणालो, "मी पुढच्या डोसाला येणार न्हाई. बास झालं." बायकोला हे मी सांगितलं नव्हतं. ज्याला एकदाच भेटलो त्याला सांगितलं.

मला वाटलं, आता समजावत बसतील. ते म्हणाले, "बरं. पर मावशीला तुमीच सांगा, मला न्हाई जमायचं." मग विचारलं, "घरात म्हाताऱ्याला सांगितलं का?"

"न्हाई."

"मग पैलं ते सांगा. न यायचं मागनं ठरवा. एवढं एकट्यानं वडत बसल्यावर कुणालाबी बास वाटंल."

संध्याकाळी आबा गोठ्यात म्हशीपाशी बसले होते. मी शेजारी उकिडवा बसलो. बराच वेळ वैरणीच्या काड्या मोडल्या आणि मग म्हणालो, "आबा, ती चाई नव्हती. औषधानं केस गेलं. मला कॅन्सर झालाय."

आबा माझ्याकडं वळले. "तुला?"

"व्हय."

"म्हंजे मला काय न्हाई?"

मला आधी समजेचना. मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, पहार, आत्या, घड्याळ. पोरानं डोकं-मिशी काढली, लोक पिठलं घेऊन आले, घरात दोघं कुजबुजतात, सारखे सांगलीला पळतात. म्हणजे डॉक्टरनं आपलंच काहीतरी सांगितलंय आणि ही दोघं आपल्यापासून लपवतायत, असं धरून ते इतके दिवस मरायची तयारी करत होते. कुणाला विचारलं नाही. विचारतील कसे, माझेच वडील ते.

"तुमाला काय न्हाई झालं, आबा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. आणि पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा असा झाला, जणू तो सोडलेला श्वास त्यांना परत घ्यायचा होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खरखरीत, वैरणीचा वास असलेला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"दुखतंय का?"

"भ्या वाटतंय," मी म्हणालो.

"पुढच्या खेपंला मी येतो," ते म्हणाले. मी जाणार की नाही, हे मला कुणी विचारलंच नाही.

त्या खेपेला आबा पांढरी टोपी घालून माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले. सुभेदारांनी विचारलं, हे कोण. माझे वडील, मी म्हणालो. सगळी ओळ वळून बघायला लागली.

"गेल्यालं?" मावशींनी विचारलं.

"व्हय," आबा म्हणाले. "पिठलं खाऊनच आलोय."

डॉक्टर म्हणाले, हाताला गाठ कमी लागतेय, पण खरं काय ते पुढच्या आठवड्यातला स्कॅन सांगेल. परतताना विट्याच्या स्टँडवर आम्ही पांगलो, मावशी आटपाडीच्या गाडीकडं, सुभेदार कडेगावच्या. आमच्या गाडीत आबा खिडकीशी बसल्या बसल्या झोपले. माझा हात पुन्हा मानेवर गेला. मी बायकोला म्हणालो, "स्कॅनची लय धास्ती वाटायलीय गं." एवढं सरळ बोलल्याबद्दल ती खूश होईल, असा माझा अंदाज होता.

ती समोरच्या सीटच्या दांडीकडं बघत होती. मायणीच्या स्टँडवर गाडी थांबली तशी तिनं आपला फोन काढून माझ्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आवं, तुमाला सुभेदार हायती, आता आबा बी हायती. तुमच्या तिसऱ्या दिशी मी कुणाला फोन करायचा? त्या मावशींचा नंबर माझ्या फोनात घाला. आत्ता घाला."