‘हरखणे’ आणि दांडीच्या बारा जणी

प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालवलेल्या बाईकडे किस्से कधी मागू नयेत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्यामागे चार उभे असतात! एकसष्ट-बासष्टच्या सुमाराला तारापूरजवळच्या दांडीला मी मासे विकणाऱ्या बायकांचा वर्ग घ्यायचे. दुपारी, देवळाच्या ओसरीवर, बारा जणी. मी साताऱ्याची, त्यात हट्टी. एका शब्दापायी त्यांनी माझा घाम काढला.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, तेव्हा फळ्यावर ‘हरखणे’ लिहिलं. आनंदाने भान हरपणे, असा अर्थ सांगितला आणि वाक्य करा म्हटलं. गंगूबाय म्हणाली, “सुके बोंबील खपले का मी हरखते.” शेजारणीने हरकत घेतली, परवा सगळे खपले तरी ही नवऱ्याशी भांडत होती म्हणून. पुढे तीन दिवस मला दोघींच्या मधे बसावं लागलं.

यमुना नवी सून, सासूला लागून बसायची. तिने लाजत पाटीवर लिहिलं, ‘मी माहेरी जाते तवा हरखते.’ सासूने वाचलं, पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, ‘मी पन.’

नारळी पुनवेनंतर होड्या समुद्रात गेल्या आणि सगळ्यात म्हाताऱ्या जानीबायने फर्मान काढलं, होड्या परत येईपर्यंत हा शब्द तोंडातून काढायचा नाय, मानसं दर्यात असताना हरखलं का नजर लागते. बाराही पाट्या पुसल्या गेल्या. मी चिडले, समजावलं. सगळ्या ढिम्म!

नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब आले. प्रगती दिसली नाही तर वर्ग बंद, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. बंद पडलेला वर्ग पुन्हा जमत नाही. साहेबांनी माझ्या वहीतून नेमका ‘हरखणे’ उचलला. सगळ्या जानीबायकडे बघू लागल्या.

शेवटी जानीबाय म्हणाली, “साहेब, जरा बसा. होड्या येऊ दे, मंग सांगते.”

साहेबांना बोईसरला गाडी गाठायची होती. गाडी उद्याही आहे, असं मी म्हटलं आणि त्यांची बॅग मांडीवर घेऊन बसले.

भरतीबरोबर पहिलं शीड दिसलं. ओसरी रिकामी झाली, पाट्या तिथेच पडल्या. गुडघे धरून चालणारी जानीबाय सगळ्यांच्या पुढे पळत होती.

साहेब बराच वेळ किनाऱ्याकडे बघत राहिले. मग बॅग मागून घेतली आणि शेरा लिहिला, ‘तोंडी परीक्षा घेतली. बाराही जणी उत्तीर्ण.’