घोट्याची तिसरी चीर

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचो. मशीन जुनं, वीज लहरी आणि मी त्या दोघांहून तिरसट. पण नजर चांगली होती, हे डॉक्टरही मान्य करायचे. मला त्याचा माज होता.

घोटा मोडलेल्यांच्या फिल्मी डॉक्टर तीन पाकिटांत ठेवत. एका जागी मोडलेला पहिल्यात. आतला-बाहेरचा, दोन्ही घोटे मोडलेले दुसऱ्यात. तिसरं पाकीट वाईट. त्यात दोन्ही घोट्यांबरोबर नळीच्या हाडाची मागची कडही फुटलेली असे. ती बाजूनं काढलेल्या फिल्मवरच दिसते. पहिल्या दोघांना आम्ही इथंच प्लास्टर घालायचो, तिसऱ्याची रवानगी ऑपरेशनसाठी नागपूरला.

एका दुपारी नाचणगावहून माझ्या मामाला बैलगाडीत घालून आणलं. मामा विणकर. पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यातून वर येताना पाऊल आतच अडकलं आणि अंग फिरलं. घोटा टम्म सुजला होता. मागाच्या पावड्या पायानंच दाबायच्या असतात. पाय गेला की माग गेला. माझे वडील वारल्यावर त्याच मागावर त्यानं मला वाढवलं होतं.

समोरची फिल्म नीट आली. बाजूची घेताना तो कळवळला आणि पाय हलला.

"मले नागपूरले नोको धाडू बाप्पा," तो म्हणाला. "तिथं पाय कापतेत."

ओल्या फिल्मवर मला मागच्या कडेला रेघ दिसली. दिसली होती, आता कशाला खोटं बोलू? फिल्म हललीय, तिचीच सावली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

"बाजूची पुन्हा काढायची का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको. चिरा दोनच आहेत."

त्यांनी माझ्या नजरेवर विश्वास ठेवला. फिल्मी दुसऱ्या पाकिटात गेल्या.

प्लास्टर काढलं तेव्हा पाऊल मागे सरकून तसंच जुळलं होतं. नव्या फिल्मवर मागचा तुकडा लख्ख दिसत होता. डॉक्टरांनी जुन्या फिल्मी काढून तिसऱ्या पाकिटात सरकवल्या. "आता उशीर झाला," एवढंच म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामानं वर्षभर पावडी दाबून पाहिली. चार धोटे टाकले की घामाघूम व्हायचा. शेवटी आम्ही मागाचा खड्डा बुजवला. मातीच्या टोपल्या मीच ओतल्या. मामी बघायलाही बाहेर आली नाही. आणि मामा येईल त्याला सांगायचा, "माह्या भाच्यानं पाय वाचवला. नाईतं नागपूरवाल्यायनं कापलाच असता." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझ्या मुठीत नुसता विंचू होता.

पुढं त्याच्याच शेजारचा विणकर तसाच पडला. मामा लंगडत त्याला माझ्याकडे घेऊन आला. मी बाजूची फिल्म दोनदा काढली. तिसरी चीर होती. मामा नको नको म्हणत असताना मी त्या शेजाऱ्याला नागपूरला धाडलं.

काही महिन्यांनी मी नाचणगावला गेलो. शेजारून मागाचा खटखटाट येत होता. मामा ओट्यावर ऐकत बसला होता.

"त्याचा पाय माह्यावानीच मोडलता ना?"

"हो."

"मंग मले काऊन नाई धाडलं?"

मामानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यानंतर माझ्याबद्दल तो कुणाशी काही बोलल्याचं मी ऐकलं नाही.