जशीच्या तशी परतलेली ओळ

लिहिण्याचा सराव नाही, तरी धाडस करते आहे, क्षमा असावी. साठीनंतर मी एक संगणकभाषा शिकू लागले. तिच्यात फंक्शनला, म्हणजे आपण नाव देऊन ठेवलेल्या आज्ञेला, काय दिले तर काय करायचे, याचे नमुने आधी लिहून ठेवायचे असतात. काल आकड्याच्या जागी मी चुकून नाव दिले. ते एकाही नमुन्याशी जुळेना. संगणकाने चूक दाखवली नाही; माझीच ओळ जशीच्या तशी परत केली.

स्मृती हरवत चाललेले माझे यजमान शेजारीच बसले होते. गेल्या महिन्यापर्यंत "अहो, साखर कमी घालू?" या प्रश्नाला "मुळीच नाही" हे उत्तर हमखास यायचे. आज सकाळी मी तेच विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अहो, साखर कमी घालू?"

उद्या मी त्यांना काय विचारू?