कचऱ्यात ठेवलेली पावलं

माझ्या आत्याचा मला राग येतो. वाकड्या, आखूड, सुजलेल्या पायांसाठी बूट बनवणाऱ्या एका दुकानात तिने एकवीस वर्षं मापं घेतली, आणि एकवीस वर्षं मालकाचं मुकाट ऐकून घेतलं. माझा डावा पाय आखूड आहे. पहिलीत होते तेव्हापासून माझे बूट तिच्याच मापाने होतात. म्हणजे जिच्यामुळे मी सरळ चालते, तिला कुणासमोर ताठ उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती.

गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ही जमिनीवर बसायची. कागदावर त्याचं पाऊल ठेवून पेन्सिलीने कड गिरवायची आणि मागच्या जोडाने जिथे घासलं असेल तिथे लाल खूण करायची. हे कागद ठेवायला तिने एकदा कपाटाचा एक कप्पा मागितला. मालक म्हणाला, "कपाट मालासाठी आहे, रद्दीसाठी नाही." मग ती ते स्कॅन करून दुकानाच्या कंप्युटरवर ठेवायला लागली. मालक दर शनिवारी 'साफसफाई' करायचा, म्हणजे स्वतःची बिलं सोडून जे दिसेल ते रिसायकल बिनमध्ये टाकायचा.

दुसरी कुणी असती तर भांडली असती. आमच्या आत्याबाईंनी पावलं तिथेच राहू दिली! काम पडलं की एक बाहेर काढायची, माप बघायची, परत कचऱ्यात टाकायची. याला सोशीकपणा म्हणतात म्हणे. मला तर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

आणि एका मंगळवारी सकाळी तो कंप्युटर सुरूच होईना. मी एका छापखान्यात कंप्युटर सांभाळते. आत्याचा फोन आला, "जरा येतेस का गं? सवड असली तर." तिच्या त्या 'जरा'वरूनच मी काय ते समजले आणि हातातलं काम टाकून निघाले.

स्क्रीन काळी ठिक्कर, वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. मालक कातड्याचे नमुने चाळत होता.

"कशाला उगाच त्रास घेतेस, पोरी? बिलांची कॉपी आहे माझ्या घरी. दुपारी माणूस येतोय, फॉरमॅट मारून देईल."

"आणि मापं?"

"पायच मोजायचेत ना? परत बोलवायचं, परत मोजायचं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाय परत मोजता येतो. पण गेल्या पाच जोडांनी कुठे घासलं, कुठे फोड आला, हे परत कुठून मोजणार? तीन मिलिमीटरची चूक झाली की महिनाभर मोजे रक्ताने भरतात. हे मला कुणी सांगायला नको.

मी पेनड्राइव्ह लावला. त्यावर एक अख्खी वेगळी सिस्टीम असते. कंप्युटरचं स्वतःचं डोकं चालत नसलं तरी तिच्या जोरावर तो उठतो, आणि त्याच्या डिस्कवर काहीही न लिहिता आतल्या फायली दुसरीकडे काढून घेता येतात. दोनदा उठला नाही. तिसऱ्यांदा उठला. लपवलेल्या फोल्डरांत कचऱ्याचा डबा सापडला, आणि आत तीनशे सहा फायली. एकीलाही धड नाव नाही! कचऱ्यात गेलेल्या फायलीचं नाव सिस्टीम बदलून टाकते, आणि इथून बघताना त्या जागी नुसती अक्षरांची खिचडी दिसते. कुणाचं पाऊल कुठलं, काही पत्ता नाही.

"आत्या, अगं कचऱ्यात ठेवतं का कुणी?" मी ओरडलेच.

"टाकलेलं परत कोण बघतं, बाळा? म्हणून टिकलं."

कपाळ माझं! तिने गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. मी तिला त्या स्टुलावर कधीच पाहिलं नव्हतं.

"उघड एकेक."

मी उघडली.

"हा पोस्टमनचा उजवा. अंगठ्याशी गाठ आहे बघ. हं, पुढे. ही जुळ्यांतली धाकटी. टाच उचलून चालते लबाड."

ती सांगत गेली, मी नावं घालून पेनड्राइव्हवर घेत गेले. ती एकदाही अडली नाही. मध्येच एक इवलंसं पाऊल आलं, कड सगळी थरथरलेली.

"ही तू. गुदगुल्या होतात म्हणून पाय ठेवेनास."

मी त्या फाईलला माझं नाव घातलं.

शेवटची फाईल झाली तोवर मालक आमच्या मागे येऊन उभा होता. "अरे वा! हे तर भारीच काम झालं. पेनड्राइव्ह इथेच ठेवा हं. दुकानाचा माल आहे."

काल रद्दी, आज माल! मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या उठली. तिने पेनड्राइव्ह काढला आणि मुठीत धरला.

"बिलं तुमची. पावलं ज्याची त्याची!"

आवाज असा चढला की आतल्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं. मालकाने आ वासला. पण तिला कामावरून काढायची छाती झाली नाही. मापं कोण घेणार होतं, तो?

त्याच आठवड्यात आत्याने आमच्या छापखान्यात तीनशे सहा कागद छापून घेतले आणि घरोघरी नेऊन दिले. प्रत्येकाला एकच सांगणं, "मागेल त्याला दाखवा, देऊ नका."

मला तिचा अजूनही राग येतो. एवढं एक वाक्य बोलायला एकवीस वर्षं लागतात का? माझा कागद मी कपाटात ठेवलाय. त्यासाठी एक अख्खा कप्पा रिकामा केला.