दोन बोटांची माया

जावयाने सासऱ्यांच्या गाडीचं छत कापलं, ते प्रेमापोटी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही नाही.

छत म्हणजे वरचा पत्रा नव्हे. पत्र्याला आतून लावायचं कापड. फिकट राखी रंगाचं, कापडाच्या दुकानातला शेवटचा तुकडा. सासऱ्यांनी, म्हणजे टेलर मास्तरांनी, सकाळीच ते बेतून, खडूने आखून, कापून टेबलावर पसरलं होतं. जेवण झाल्यावर आडवं व्हायला आत जाताना ते म्हणाले, "कडेला माया आहे, जावईबापू. सांभाळा."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि सासऱ्यांच्या तोंडून 'माया' हा शब्द जावई पहिल्यांदाच ऐकत होता. शिंप्याची माया म्हणजे रेघेबाहेर मुद्दाम सोडलेलं जास्तीचं कापड, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? तो छापखान्यात कागद कापायच्या मशिनवर होता. त्याला वाटलं, म्हातारा अखेर विरघळला. त्याचा गळा दाटून आला, आणि गळा दाटलेल्या माणसाच्या हाताशी कधी कात्री असू नये. त्याने पाहिलं, तर कापडाच्या कडा खडूच्या रेघेबाहेर दोन-दोन बोटं लोंबत होत्या. छापखान्यात रेघ म्हणजे कापायची खूण आणि रेघेबाहेरची ती रद्दी. सासऱ्यांचं तेवढंच काम हलकं करावं म्हणून त्याने त्यांची मोठी कात्री उचलली आणि अर्ध्या तासात चारही बाजूंची माया साफ केली. पट्ट्या गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकल्या, टेबल पुसलं आणि शाबासकीची वाट बघत बसला.

आता मास्तरांविषयी. पन्नास वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे खांदे आणि पोटं मोजली. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला ते कधी 'जाड झालात' म्हणाले नाहीत. 'कापड आटलंय' म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलीने हट्टाने दुकान बंद करायला लावलं. मशीन घरी आलं. त्यानंतर घरात जो तो त्यांच्या हातातून काही ना काही काढून घेऊ लागला. सुईत दोरा मुलगी ओवून द्यायची, चहाचा कप सासूबाई अर्धाच भरायच्या. एके दिवशी गळ्यात टेप अडकवून मास्तर बाहेर गेले आणि घराच्या कडेला चौदा वर्षं ताडपत्रीखाली झोपलेल्या आपल्या छोट्या दोन दारी गाडीची मापं घेऊ लागले.

मापाच्या वहीत तिचं रीतसर पान होतं. छाती, कंबर, खांदा. पुढच्या काचेला त्यांनी गळा म्हटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, माझं ब्लाउज तीन वर्षं पडून आहे आणि हिची मापं घेतली जातायत. मास्तर म्हणाले, हिचं माप बदलत नाही.

इंजिन आणि ब्रेक मेकॅनिककडे. त्याला त्यांची एकच ताकीद होती: नवं काय घालायचं ते अस्तरात घाल, बाहेरून अंगरखा जुनाच दिसला पाहिजे. म्हणून नवे ब्रेक चाकांआड गेले, मागच्या सीटचे पट्टे गादीच्या फटीत आणि फोन चार्ज करायची सोय राखदाणीच्या झाकणाखाली. सीटची कव्हरं, दारांच्या आतलं कापड, काचांच्या कडेचे गोट मात्र मास्तरांच्या हातचे. येईल त्याला ते गाडीत बसवायचे आणि शिवण दाखवून विचारायचे, कुठे वाकडी आहे सांगा. कुणाला सांगता यायचं नाही. चेहरा कोरा ठेवून ते पुढच्याला बोलवायचे. त्या गाडीत ते नेमकं काय दुरुस्त करत होते, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

तर त्या दिवशी चार वाजता मेकॅनिक आणि मास्तर छत बसवायला लागले. कापड कडेच्या रबराखाली खोचायचं आणि चिकटवायचं. ते रबरापर्यंत पोचेचना. डावीकडे ओढलं की उजवीकडे उघडं. मेकॅनिक हसत म्हणाला, "मास्तर, चष्म्याचा नंबर बघून घ्या एकदा."

जावयाच्या तेव्हा लक्षात आलं. तोंड उघडलंही होतं त्याने, पण मास्तर आधी बोलले. कापडाची कड डोळ्याजवळ नेऊन, बोटाने चाचपून, हळूच. "खडूवरच कात्री चालवली मी. माया ठेवलीच नाही. ठेवली असं नुसतं वाटलं."

बोलायची वेळ ती होती. पण मेकॅनिक बघत होता, सासूबाई दारात आल्या होत्या, आणि जावयाने उघडलेल्या तोंडात चहाचा घोट घेतला.

मास्तरांनी वाद घातला नाही. घरातला एक काळा तुकडा काढला, त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि छताला चहूबाजूंनी जोडल्या. पोत्याला घालतात तसली लांब-लांब टीप. गिऱ्हाइकाने गयावया केली तरी ज्या माणसाने उभ्या आयुष्यात जोड दिला नाही, त्याने ती टीप वळूनही पाहिली नाही. छत तसंच बसवलं, मग कात्री फडक्यात गुंडाळली, मशिनवर झाकण घालून सुतळी बांधली आणि शिवणवर्गाच्या बाईंना निरोप धाडला, की रविवारी येऊन मशीन घेऊन जा.

तो आठवडा जावयाने कसा काढला, ते त्यालाच माहीत. कागदाच्या मशिनचं पातं खाली आलं की त्याला राखी कापड दिसायचं. दोनदा त्याने डिकीतल्या पट्ट्या छापखान्याच्या रद्दीत टाकल्या आणि दोनदा जाऊन उचलून आणल्या. सासूबाईंचा फोन आला, की हे हल्ली नुसते बसून असतात, तेव्हा त्याने गंभीर आवाजात 'वय झालं' असं म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर स्वतःचीच किळस आली. शनिवारी बायकोला सगळं सांगितलं.

"मला काय सांगता? छत माझं कापलंत का?"

रविवारी सकाळी तो गेला. मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते, शेजारी बांधलेलं मशीन. त्याने उभ्या-उभ्याच सांगून टाकलं, की माया मी कापली. मास्तरांनी मान हलवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "राहू द्या. मला बरं वाटावं म्हणून बोलताय. चांगले आहात तुम्ही."

आजवर त्यांनी जावयाला चांगलं म्हटलं नव्हतं. म्हणावं ते नेमकं आज. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धावत स्कूटरकडे गेला, पट्ट्या आणल्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवल्या. मास्तरांनी एक पट्टी उलगडली. कडेला खडूची अर्धी रेघ होती. ते उठले, गाडीत वाकून बसले, काळा जोड वर उचलून पट्टी छताच्या कडेला लावली. रेघेला रेघ मिळाली. बाहेरची दोन बोटं त्यांनी बोटांनीच मोजली. मग दुसरी पट्टी, मग तिसरी. चारही बाजू मोजून होईपर्यंत जावई दाराशी शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा होता. माझं चुकलं, असं तो तीनदा म्हणाला. शेवटचं त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.

तेवढ्यात फाटकाशी शिवणवर्गाच्या बाई आल्या, हातगाडीवाल्याला घेऊन. मास्तर गाडीतून बाहेर आले आणि त्यांना म्हणाले, फुकट हेलपाटा पडला तुम्हाला, माफ करा, पण मशिनला काम निघालंय. चहा घेऊन जा. मग त्यांनी सुतळी सोडली, झाकण काढलं, ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि जावयाच्या हातावर ठेवलं.

त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं. त्याने सुरुवातही केली, की बाबा, मी तुम्हाला आठ दिवस...

"बसा उसवायला."