एका काचेच्या बुचासाठी अमेरिकेच्या तीन बाजारपेठा

अमेरिकेला जायचं ठरलं ते आमच्या ह्यांच्यामुळे. हे विजेच्या कंपनीत. नवी यंत्रं येणार होती, ती जिथे बनतात तिथे जाऊन शिकून या, असा वरून हुकूम आला. "तूही चल, पुन्हा कधी योग यायचा?" असं हे म्हणाले आणि मी दुसऱ्याच दिवशी मेतकूट करायला घेतलं. लोणावळ्यात बातमी फुटायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत याद्या आल्या. कुणाला लोकर, कुणाला फाउंटन पेन, कुणाला घड्याळ. मी सगळ्यांना हो हो म्हटलं. मनावर मात्र एकीचंच काम घेतलं होतं, ते ठकूमावशीचं.

ठकूमावशी मूळची जवळच्या कुरवंडे गावची. आमच्या शेजारच्या बंगल्यात अकरा वर्षं झाडलोट करायची आणि मागच्या खोलीत राहायची. बंगला मुंबईच्या एका बाईसाहेबांचा, त्या हवा खायला यायच्या. एकदा त्यांच्या आरशापुढची अत्तराची बाटली पुसताना मावशीच्या हातून पडली आणि फुटली. लपवणं तिच्या रक्तात नाही, तशीच तुकडे पदरात घेऊन सांगायला गेली. बाईसाहेब म्हणाल्या, "अमेरिकेची बाटली होती. अत्तर चोरून लावलंस आणि मग फोडलीस." माळी, स्वयंपाकी, ड्रायव्हर सगळ्यांसमोर! तिला त्याच दिवशी खोलीबाहेर काढलं, आणि अगदी तश्शीच बाटली आणून दिलीस तर परत ये, असं वर सुनावलं. एकदा चोर म्हटल्यावर बाकीच्या बंगल्यांचे दरवाजेही बंद झाले. मावशी बाजारात रस्त्याच्या कडेला करवंदं, जांभळं विकायला बसू लागली.

मी निघायच्या आदल्या दिवशी ती आली. कनवटीची चिंधी सोडून तिने बाटलीचं बूच माझ्या हातावर ठेवलं. हिरव्या काचेचं, कमळाच्या कळीसारखं.

"वैनी, तितं असंल का वो असली बाटली?"

"असेलच की. का नसेल?"

"मंग आना. खोलीचं जाऊ द्या. पन मी चोर न्हाई, येवढं तिच्या तोंडून ऐकायचंय मला."

मुंबईहून बोटीने विलायत आणि तिथून दुसऱ्या बोटीने न्यूयॉर्क, असा महिनाभराचा प्रवास. जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींना सांगते, शेंगांची चटणी भरपूर घ्या, कारण बोटीवर बटाटे सोडले तर आपल्या पोटात घालण्यासारखं काही नसतं. नऊवारीवरून घालायला लांब गरम कोट शिवून घ्या. आणि पायांत मोजे घालायची आत्तापासून सवय करा, मी केली नव्हती आणि फार पस्तावले.

न्यूयॉर्कची तारीफ करायची तर भुयारी गाडीची करीन. पाच सेंटांत या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. पण ज्या रस्त्याला तिथले लोक जगातला सगळ्यात श्रीमंत बाजार म्हणतात, तो पाहून माझं डोकंच फिरलं. काचेआड केसाळ कातड्यांचे कोट, हिऱ्यांचे हार, आणि त्याच रस्त्याच्या वळणावर फुकटच्या सूपासाठी माणसांची ही लांब रांग! बरं, माणसंही कशी, तर टोप्या घातलेली, दाढी केलेली, काल-परवापर्यंत नोकरीत असावीत अशी. ह्यांना म्हटलं, "यांना लाज कशी वाटत नाही?" हे म्हणाले, "रांगेतल्यांना?" मी म्हटलं, "काचेआडच्यांना!"

दुकानांचे दरवाजे गोल फिरतात. माझा पदर त्यात अडकला, तो भाग मी सांगत नाही. अत्तराच्या विभागात तलम हातमोजे घातलेली एक बाई उभी होती. मी बूच पुढे केलं. तिने ते हातात घेतलं नाही, नुसतं बघितलं.

"हे आम्ही विकत नाही, मॅडम."

"मग कुठे मिळेल?"

"हे कुणीच विकत नाही," असं म्हणून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलीसुद्धा. आमच्या बाजारातला भाजीवाला मटार नसेल तर निदान, "परवा येतील, वहिनी," एवढं तरी म्हणतो. त्या आठवड्यात मी आणखी चार दुकानं पालथी घातली. सगळीकडे तोच नन्नाचा पाढा.

ह्यांचं कारखान्यातलं शिक्षण संपल्यावर आम्ही शिकागोला गेलो. रात्रभराचा आगगाडीचा प्रवास आहे. झोपायच्या बर्थवर पडदे असतात, बायकांची सोय चांगली. शिकागोत तळं आहे, पण आपलं वळवणचं धरण मनात धरून जाल तर फसाल, पलीकडचा काठच दिसत नाही. वारा असा की अंबाडा सुटतो. दुकानं न्यूयॉर्कपेक्षा ऐसपैस, जिने आपोआप वर चढणारे, बायकांना बसायला गाद्यांच्या खुर्च्या. माल पाहायचा तर शिकागोच पाहावं, असं मी दुपारपर्यंत ह्यांना सांगत होते.

दुपारनंतर काय झालं ते ऐका. हे खाली वर्तमानपत्र घ्यायला गेले होते. मी अत्तरांकडे उभी होते, इतक्यात काळा कोट घातलेला एक गृहस्थ आला.

"तुला कुठल्या बाईंनी पाठवलंय?"

"कुठल्या बाईंनी म्हणजे? मी माझी आले आहे."

"नोकरांसाठी बाजूचं दार आहे."

मी पुण्याच्या शाळेत इंग्रजी शिकले ते काय हे ऐकायला? पाठ फिरवून निघाले, तर दारातल्या पहारेकऱ्याने अडवून पिशवी उघडायला लावली. रुमाल निघाला, लवंगांची डबी निघाली आणि ते बूच निघालं. "हे कुठून उचललं?" भोवती बायका थांबल्या. माझे कान तापले. मी काही केलेलं नाही हे मला ठाऊक होतं आणि तरी तोंड चोरासारखं झालं होतं! शेवटी हे धावत आले, दुकानातली मुलगी आली, तिने बूच पाहून सांगितलं, "असली वस्तू आपण विकतच नाही." झालं, सुटले. माफी? माफीचं नावही नाही. हे मलाच म्हणाले, "जाऊ दे, परका मुलुख आहे." मी म्हटलं, "ठकूमावशीला तर तिच्या मुलखातच केलं ना?" त्या दिवशी मी जेवले नाही. इतकी वर्षं शेजारी राहून, ती बंगल्यातून बाहेर पडली तेव्हा मी गॅलरीत उभी राहून फक्त बघत होते, हे आठवून मला माझाच राग आला.

शिकागोहून सॅनफ्रान्सिस्को म्हणजे गाडीत तीन रात्री. वाटेत मैलोन्‌मैल उजाड माळ, जेवण महाग, फळं मात्र सुंदर. शहर डोंगरावर वसलेलं, ट्राम दोरानं ओढत चढवतात, आणि सकाळी खंडाळ्यासारखं धुकं उतरतं. इथून जपानवरून परतीची बोट होती. शेवटचाच दिवस, आशा सुटलेली. तरी एका दुकानात शिरले. दुकान धड मोठं नाही की झगमगीत नाही. गल्ल्यामागे पिकल्या केसांची बाई बसली होती.

बूच दाखवायचा धीर होईना. शिकागोची धास्ती बसलेली! म्हणून आपल्या बाजारात करतो तसं केलं. आंबेमोहोर घ्यायचा तर चिमूटभर तळहातावर घेऊन वास घेतो, करवंद घ्यायचं तर आधी एक तोंडात टाकतो. वानगी दाखवल्याशिवाय कोण विकतं आणि कोण घेतं? मी तळहात पुढे करून म्हटलं, "घ्यायच्या आधी थोडी वानगी मिळेल का?"

असं भरल्या दुकानात हात पसरणारी बाई तिथे दुसरी कुणी नसेल. पण ती बाई हसली, "मिळेल की!" म्हणाली आणि तिने खालचा खण ओढला. खणात कापसावर हारीने बाटल्या निजवलेल्या. बोटाएवढ्या, हिरव्या, कमळाच्या कळीचं बूच लावलेल्या. पन्नास तरी असतील.

"या केवढ्याला?" मी विचारलं.

"या विकायच्या नसतात. येईल त्या बाईला आम्ही फुकट देतो, आवडलं तर मोठी बाटली घ्यावी म्हणून. सगळीच दुकानं असं काहीतरी देतात. किती हव्यात?"

मी सहा घेतल्या. मोठी बाटली घेतली नाही. बोटीवर ह्यांनी विचारलं, "मग तिन्हींत खरेदीला कुठलं शहर चांगलं?" वाचकांनाही तेच हवं असेल, तर सांगते. श्रीमंती पाहायची तर न्यूयॉर्क, माल पाहायचा तर शिकागो, आणि हात पुढे केला तर हातावर काहीतरी पडावं असं वाटत असेल तर सॅनफ्रान्सिस्को.

लोणावळ्याला पोचलो तेव्हा करवंदांचे दिवस होते आणि बाईसाहेब बंगल्यात होत्या. मी ट्रंकही न उघडता पिशवी घेऊन गेले. माळी, स्वयंपाकी, ड्रायव्हर तिघांना आत बोलावलं आणि बाईसाहेबांच्या मेजावर एकीपुढे एक सहा बाटल्या मांडल्या.

"अय्या, अगदी तश्शीच!" बाईसाहेब म्हणाल्या. "ठकूला म्हणावं, उद्यापासून ये."

"तुम्ही ती केवढ्याला घेतली होती?"

"घेतली कुठली? तिथे फुकटच देतात. पण वस्तू माझी होती ना?"

ठाऊक होतं! बाईला सगळं ठाऊक होतं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "ठकू चोर नाही, असं या तिघांसमोर म्हणा. त्याशिवाय मी इथून हलत नाही." बाईसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, बाटल्यांकडे पाहिलं. "बरं बाई, नाही चोर. झालं?"

तशीच बाजारात गेले. मावशी पळसाच्या पानांचे द्रोण लावत बसली होती. तिला सगळं सांगितलं, शिकागोची पिशवीसुद्धा. ती ऐकत राहिली.

"तिगांसमोर म्हनली?"

"तिघांसमोर."

"आन बाटली फुकटची व्हती?"

"फुकटची. येईल त्या बाईला देतात."

"म्हंजी वानगीच की वो." तिचे हात थांबले. "वानगीपायी अकरा वर्सांचं मानूस भाईर काडलं?"

"उद्यापासून ये म्हणाल्यात. जाशील?"

समोर एक मोटार थांबली होती आणि मुंबईची कुणी बाई काच खाली करून करवंदं गोड आहेत का, असं विचारत होती. मावशी उठली, ओंजळभर करवंदं तिच्या हातावर ओतली आणि म्हणाली, "खाऊन बगा. न्हाई आवडली तर घिऊ नका. वानगीचं आमी काय बी मागत न्हाई."