पाखरांचं वावर

आमच्या बाबांना एका जागी बसवणं म्हणजे तापल्या तव्यावर पाणी ठेवणं. आई गेल्यावर ते गावात एकटेच राहत होते. एकदा गॅसवर चहा ठेवून वावरात निघून गेले. शेजारणीनं धूर बघितला म्हणून घर वाचलं. मी तशीच गेले आणि त्यांना बोरगाव मेघेला माझ्या घरी घेऊन आले. उचलूनच आणलं म्हणा ना.

"एक डाव इसरलो तं का झालं? तू नाई इसरत का?" हे त्यांचं रोजचं. सकाळ झाली की फाटकाची कडी वाजायची. बाबा रस्त्यावर. मग परत आत. पुन्हा कडी. "आज जातो मी. मले बसस्टँडवर सोडून दे." त्यांच्या पायाला भिंगरी नि माझा जीव खालीवर. शेवटी एक दिवस मी वैतागून ओरडलेच, "थंडी जाईपर्यंत राहा! सारं ठीक दिसलं तं मीच एस्टीत बसवून देईन!"

रिकामा बसला तर माणूस आणखी बिघडेल, म्हणून लेकाची पाखरं त्यांच्या गळ्यात मारली. लेक शिकायला नागपूरला गेला आणि पिंजराभर लव्हबर्ड माझ्या डोक्यावर ठेवून गेला. त्यांना रोज मोड आलेलं धान्य लागतं, कोवळा पाला लागतो. बाजारातल्या मेथी-पालकावर काय काय फवारलेलं असेल याची मला धास्ती. म्हणून सगळं घरीच उगवायचं.

बाबा आधी भडकलेच. "जलमभर गोफण घेऊन मचाणावर उभा राह्यलो, पाखरं हाकलली. आता त्याईलेच पेरून चारू?" पण दुसऱ्या दिवशी बघते तर अंगणात जुन्या कुलरच्या टाकीत माती भरून झालेली. तिच्यात गहू, मेथी, धने. मूग आणि बाजरी ओल्या फडक्यात बांधून खिडकीला टांगलेली. मी कधी मोड धुवायला विसरले की फडकं माझ्या नाकासमोर नाचवायचे. "घे, हुंग! आंबले. दोनदा धुवा लागते, सांगतलं होतं ना तुले?" मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. इतकं कडाडून भांडणाऱ्या माणसाचं डोकं कुठं बिघडलेलं असतं, असं मी धरून चालले.

तरी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाबा चहात साखर दोनदा घालतात का ते बघायची. पेपरचं पान उलटतंय की तसंच आहे, ते बघायची. नातेवाइकांची नावं आडून आडून विचारायची. काय बाई तरी, बापाची परीक्षा घेत होते मी! स्वतःचाच संताप यायचा, पण थांबवतही नव्हतं. आणि ते पास होत होते. गहू बोटभर वाढला की मुळं राखून कापायचे, म्हणजे पुन्हा फुटतो. पिंजऱ्यात पाल्याची जुडी अडकवली की पाखरं तुटून पडायची. थंडी सरली तशी शेवटी मीच म्हटलं, "बरं, सोमवारी जा." त्या संध्याकाळीच त्यांनी पिशवी भरली.

सोमवारी नवरा सेवाग्रामला ड्युटीवर गेला. मी ऑटो बोलावला. बाबा म्हणाले, "थांब, जाताजाता पाखराईले चारा देतो." घरामागं त्यांनी आणखी एक खोकं पेरलं होतं, मी ते बघितलंही नव्हतं. तिकडून मूठभर पाला कापून आले आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. मी सहज बघितलं. पातं रुंद होतं, गव्हाचं नव्हतंच. वीतभर वाढलेली कोवळी ज्वारी होती ती.

आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला बोलायला लागल्यापासून ठाऊक असतं, कोवळी ज्वारी जनावराच्या पोटात गेली की विष होते. लहानपणी माझ्या हातून बैल सुटून तसल्या ज्वारीत शिरला होता. बाबांनी अनवाणी धावत जाऊन त्याच्या जबड्यातून पाला ओढून काढला होता आणि मला आयुष्यातली एकुलती एक थापड दिली होती. तेच बाबा आता ज्वारी घेऊन पिंजऱ्यात हात घालत होते.

मी धावले आणि दारातच त्यांचं मनगट धरलं.

"काय करून राह्यली वं? उपाशी मारतं काय त्याईले?"

"बाबा, ज्वारी हाय हे."

"मंग?"

ते चिडून माझ्याकडे बघत होते, खरंच काही न कळून. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मला रडू फुटलं, रागही आला, कोणावर ते कळेना. "कवळी ज्वारी, बाबा! बैल आठवा ना वो!"

त्यांनी मुठीकडे बघितलं. एक पातं नाकाशी नेलं. हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला, इतका, की मला वाटलं, नसतं आठवलं तर बरं झालं असतं. मूठ सुटली आणि पाला फरशीवर पडला. मी पिंजऱ्याचं दार लावलं, पण दुसऱ्या हातातलं त्यांचं मनगट सुटेना. हॉर्न पुन्हा वाजला.

"त्याले जा म्हण," बाबा म्हणाले. मग माझ्या हाताकडे बघत अगदी हळू विचारलं, "तिथं माहा हात कोन धरन वं?"